घोळणा फुटला तर काय करायचं, ते गोळीबरोबरच सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी ७२ वर्षांची आहे. चरईतल्या जुन्या घरात ४० वर्षं काढली आणि आता मानपाड्याला मुलाकडे राहते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आजवर कुठल्याच वर्तमानपत्राला पत्र लिहिलं नाही. आज लिहिते आहे, कारण मी जे भोगलं ते निव्वळ अर्धा पान माहिती न मिळाल्यामुळे भोगलं, आणि आमच्या इमारतीतली आणखी चार माणसं त्याच वाटेवर आहेत.

विषय घोळणा फुटण्याचा, म्हणजे नाकातून रक्त येण्याचा आहे. लहानपणी उन्हाळ्यात आम्हा भावंडांपैकी कुणाचा ना कुणाचा घोळणा फुटायचाच. आजी डोक्यावर गार पाणी ओतायची, कांदा फोडून हुंगायला द्यायची आणि पाच मिनिटांत आम्ही पुन्हा अंगणात. त्यामुळे घोळणा म्हणजे किरकोळ बाब, हेच डोक्यात पक्कं बसलेलं. म्हातारपणी, त्यातही हृदयाच्या गोळ्या चालू असताना, तोच घोळणा वेगळा असतो. तो लवकर थांबत नाही, पुन्हा पुन्हा फुटतो आणि माणसाला इतकं घाबरवतो की माणूस त्याहून मोठी चूक करून बसतो. मी ती केली.

जून २०२३ मध्ये मला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. घरी येताना गोळ्यांची यादी मिळाली. त्यात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही ७५ मिलिग्रॅम, एकाच कॅप्सूलमध्ये. बाकी कोलेस्टेरॉलची, ब्लड प्रेशरची. कागद सगळा इंग्रजीत. सोडताना सांगितलं ते एवढंच, की रक्त पातळ करायची गोळी आहे, बंद करायची नाही. रक्त आलं तर काय करायचं, हे कुणी बोललं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

जानेवारी २०२४. पहाटे साडेपाचला मी चहा टाकला होता. गाळताना ओट्यावर टपकन काहीतरी पडलं. चहाचाच थेंब असेल म्हणून फडक्याने पुसायला गेले तर लाल. तोवर दुसरा थेंब गाळणीत, तिसरा गाऊनवर, आणि मग थेंब नाहीच, धार. मी सुनेला हाक मारली. ती बिचारी झोपेतून धावत आली. तिने मला सोफ्यावर आडवं केलं, मानेखाली उशी घालून डोकं मागे टेकवलं, कपाळावर ओला नॅपकिन ठेवला. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या. सगळ्यांनी माझ्या काळजीपोटीच केलं, आणि जे केलं ते सगळं उलटं होतं.

रक्त पुढून यायचं थांबलं, पण ते घशात उतरत होतं. कोमट, खारट, लोखंडी चवीचं. मी गिळत राहिले. मला वाटलं, गिळलं म्हणजे वाया जाणार नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी पोटात ढवळलं आणि चहाच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली. आता मात्र मुलाचा धीर सुटला. आईला रक्ताची उलटी झाली, पोटातच काहीतरी फुटलं, असं त्याला वाटलं. गाडी काढली, तर घोडबंदर रोडवर पहाटेसुद्धा ट्रकांची रांग. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’’ गोळ्यांचा डबा घरी, फाइल घरी. मुलाला एवढंच सांगता आलं, ‘‘हार्टच्या आहेत.’’ बराच वेळ सगळे पोटाचाच विचार करत होते. मग एका तरुण डॉक्टर मुलीने टॉर्च मारून घसा पाहिला आणि रक्त वरून, नाकातून उतरतंय हे तिच्या लक्षात आलं.

नाकात पॅक घातला. दिसायला पातळ, कडक पट्टी असते. ती आत सरकवली की ओल शोषून स्पंजासारखी फुगते आणि आतून दाब देते. दोन रात्री तो पॅक होता. तोंडाने श्वास घेऊन जीभ कोरडी ठणठणीत पडली, घास गिळला की कानात दडे बसत. दुसऱ्या रात्री मी बिछान्यात बसूनच होते. त्या रात्रीच मी मनाशी ठरवलं की ती गोळी आता घ्यायची नाही.

आणि नाहीच घेतली. पॅक निघाला, घरी आले, आणि चार दिवस ती कॅप्सूल स्ट्रिपमधून काढून, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. सून रोज स्ट्रिप मोजते, तिला कळू नये म्हणून. हे मी आज सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण मला खात्री आहे की असं करणारी मी एकटी नाही.

पाचव्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. ‘‘गोळ्या वेळच्या वेळी चालू आहेत ना?’’ त्यांनी विचारलं. त्यांच्यापुढे खोटं बोलवेना. सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, पण लगेच समोर कॅप्सूल घ्यायला लावली आणि मग कागद पुढे ओढून चित्र काढलं. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हळूहळू चढतं. तोवर रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, त्या उघड्या धातूला चिकटायला टपलेल्या असतात. गोळी त्यांना चिकटू देत नाही. गोळी थांबली आणि गुठळी झाली, तर स्टेंट बघता बघता बंद होतो आणि दुसरा अटॅक पहिल्यापेक्षा जबर असू शकतो. अटॅकनंतर स्टेंट बसलेल्यांना या दोन गोळ्या साधारण वर्षभर लागतात. मी सातव्या महिन्यात होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तर मला कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. रक्त पातळ होतं म्हणजे पाण्यासारखं होत नाही, गोठायला वेळ लागतो इतकंच. आणि या दोन गोळ्यांचा परिणाम ज्या प्लेटलेटवर झाला, तिच्यावर तो ती मरेपर्यंत राहतो. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. म्हणजे आज गोळी चुकवली म्हणून आजचा घोळणा थांबत नाही. आजचं रक्त तसंच वाहणार, उलट पुढच्या आठवड्यात जाळी उघडी पडत जाणार. मी चार दिवस जिवावरचा धोका पत्करला आणि त्या बदल्यात नाकाला काडीचाही फायदा नव्हता.

नंतर नातवाने मला एक माहिती वाचून दाखवली. कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे साधे प्रॅक्टिस करणारे डॉक्टर होते. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर अ‍ॅस्पिरिनचं च्युइंग गम चघळणाऱ्या रोग्यांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. जे औषध रक्त गोठू देत नाही, ते हृदयातली गुठळीही रोखेल, असं त्यांनी ओळखलं आणि १९५० च्या सुमारास तसे लेखही लिहिले. म्हणजे जो गुण माझ्या नाकातून रक्त आणतो, तोच माझं हृदय राखतो. हे ऐकल्यावर त्या कॅप्सूलवरचा माझा राग गेला.

मग कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी दुर्बिणीने पाहिलं. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढच्या भागात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बहुतेक घोळणे तिथेच फुटतात. वय वाढलं की काहींना रक्त मागच्या, खोल भागातून येतं. ते जास्त असतं आणि बाहेरून दाबून थांबत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाने घोळणा हलक्यात घ्यायचा नाही. माझं सुदैवाने पुढचंच होतं. त्यांनी आधी भूल देणारा बोळा ठेवला, मग सिल्व्हर नायट्रेटची काडी त्या जागी टेकवली. मिरची लागावी तसं क्षणभर चुणचुणलं, डोळ्यांतून पाणी आलं, काम झालं.

पण त्यांचं खरं मोल मला वेगळ्याच गोष्टीसाठी वाटतं. ते म्हणाले, ‘‘आजी, नाक कसं दाबता दाखवा बरं.’’ मी चिमूट हाडावर लावली, चष्मा टेकतो तिथे. त्यांनी माझा हात धरून खाली आणला. हाड संपतं त्याखालचा मऊ भाग, दोन्ही नाकपुड्या बंद होतील असा, अंगठा आणि पहिल्या बोटात. बसून. डोकं पुढे झुकवून, मागे नाही. तोंडाने श्वास. घशात आलेलं रक्त वाटीत थुंकायचं, गिळायचं नाही. आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदाही न सोडता.

ते न सोडणं सगळ्यांत अवघड. मिनिट-दोन मिनिटांत हात शिवशिवतो, ‘बघू या थांबलं का’ म्हणून चिमूट सैल होते आणि धरू लागलेली गुठळी निघून येते. मी त्या काळात ट्रंककॉल जोडलेले आहेत, जेव्हा तीन तीन मिनिटांच्या हिशेबाने पैसे लागायचे. तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून सांगायचं. इतकी वर्षं ते केल्यावर तीन मिनिटं घड्याळाशिवाय अंगात भिनतात. तरीसुद्धा नाक दाबून बसल्यावर पहिल्याच मिनिटाला मला तीन झाल्यासारखी वाटली. म्हणून अंदाजाने दाबू नका, समोर घड्याळ ठेवा.

त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न, ‘‘गुडघ्यासाठी काय घेता?’’ मी चकितच झाले. मी डायक्लोफेनॅक घेत होते, महिनाभर, जवळच्या औषधाच्या दुकानातून. चिठ्ठी नव्हती, दुकानदाराने विचारलंही नाही. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर ही तिसरी गोळी म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण, शिवाय तिने ब्लड प्रेशरही वाढू शकतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. ज्या दुकानातून मी दर महिन्याला हृदयाच्या गोळ्या नेते, त्याच काउंटरवरून ती वेदनाशामक गोळी मिळत होती. दोन्ही पुड्या एकाच पिशवीत. हे मला फार लागलं.

तेव्हापासून काय पाळते ते थोडक्यात सांगते. सकाळ-संध्याकाळ नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब. नाक कोरडं पडून खपली धरणं, हे निम्मं कारण असतं. आमच्या भागात मेट्रोचं काम, ट्रकांची वर्दळ, खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर दुपारपर्यंत धुळीची रेघ उठते. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी होते आणि खोलीत एसी लावला की उरलीसुरली ओलही जाते. म्हणून माझ्या खोलीत एसी नाही. सर्दीसाठी मिळणारे नाक मोकळं करणारे स्प्रे मी आपल्या मनाने मारत नाही, त्यांनी काहींचं ब्लड प्रेशर चढतं. नखं कापलेली, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. घोळणा फुटला त्या दिवशी गरम चहा नाही, वाकून बादली उचलणं नाही. दुर्वांचा रस नाकात सोडायचा सल्ला मला तिघींनी दिला. डॉक्टरांना विचारलं, ते नको म्हणाले, मी सोडला नाही.

जून २०२४ मध्ये वर्ष पुरं झालं तेव्हा डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल बंद केली, एकटी अ‍ॅस्पिरिन ठेवली. ती त्यांनी बंद केली, मी नाही. त्यानंतर घोळणे बरेच कमी झाले, पण अधूनमधून फुटतातच.

त्यातला एक गेल्या डिसेंबरातला. स्टेशनहून टीएमटीच्या बसने येत होते, तीन हात नाक्याच्या अलीकडे गाडी अडकलेली. ओठावर ओलसर लागलं. रुमाल काढला. शेजारची बाई लगेच म्हणाली, ‘‘मान मागे करा, मान मागे करा,’’ आणि मागच्या सीटवरून कुणाचा तरी हात माझ्या कपाळावर आला. मी तो हात बाजूला केला. खिडकीशी एक कॉलेजची मुलगी होती. तिला म्हटलं, ‘‘बाळ, मोबाइलवर दहा मिनिटं लाव. त्याआधी मी नाक सोडायला लागले तर सोडू देऊ नकोस.’’ तिने खरोखर लावलं. माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, पाण्याची बाटली रिकामी करून थुंकायला हातात दिली, आणि दर दोन मिनिटांनी हळूच सांगत राहिली, ‘‘चार झाली आजी. सहा झाली.’’ कंडक्टर विचारत होते, गाडी बाजूला घेऊ का, १०८ ला फोन करू का. मी हाताने थांबा म्हटलं. दहा झाली, मी आणखी पाच धरली. सोडलं तेव्हा थांबलेलं होतं. मानपाड्याला मी माझ्या पायांनी उतरले. तीच मी, तेच नाक, आणि गोळीही चालूच. पहिल्या वेळी दोन रात्री पॅक घालून काढल्या, या वेळी पंधरा मिनिटांत घरी निघाले.

सगळ्यांचं एकसारखं नसतं, हेही सांगायला हवं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका मैत्रिणीचे हृदयाचे ठोके अनियमित आहेत. तिला वॉरफरिन आहे, तीही रक्त गोठू न देणारी, पण वेगळ्या जातीची गोळी. त्यासाठी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, तपासावा लागतो आणि तिचा तो २ ते ३ च्या दरम्यान राहायला हवा. दातासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. हिने वॉरफरिनचं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आठवड्याने घोळणा फुटला आणि आयएनआर पाचाच्या वर निघाला. तिची गोळी डॉक्टरांनी दोन दिवस थांबवली आणि मग कमी करून पुन्हा चालू केली. माझी थांबवणं चूक होतं आणि तिची थांबवणं बरोबर. हे माझ्या-तुमच्या अंदाजाने ठरत नाही, म्हणूनच फोन करून विचारायचं.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. कुठल्याही रुग्णालयातून माणूस या गोळ्या घेऊन घरी निघतो, तेव्हा त्याच्या हातात अर्ध्या पानाचा मराठी कागद द्यावा. मोठ्या अक्षरात. नाक कुठे दाबायचं त्याचं एक रेखाचित्र. किती वेळ दाबायचं. डोकं कुठे ठेवायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कोणती वेदनाशामक गोळी चालत नाही. आणि कधी घरी थांबायचंच नाही: नीट दाबूनही वीस-तीस मिनिटांत रक्त थांबलं नाही, घशातून सारखं उतरत राहिलं, चक्कर आली, छातीत दुखलं, किंवा पडून डोक्याला मार लागल्यावर नाकातून रक्त आलं, तर सरळ रुग्णालय. खाली एक फोन नंबर, जिथे माणूस उचलेल. याला खर्च तो काय येणार?

औषधविक्रेत्यांनाही हात जोडून विनंती आहे. वय झालेलं माणूस गुडघेदुखीची गोळी मागायला आलं की फक्त विचारा, ‘‘हृदयाची कोणती गोळी चालू आहे का?’’ एवढ्या एका प्रश्नाने माझ्या त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

आमच्या इमारतीपुरतं मी काम सुरू केलं आहे. वर लिहिलं तेच मी सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरवलं, नातवाने नाकाचं चित्र काढलं, आणि ज्यांना या गोळ्या आहेत त्या सात घरांत फ्रिजला लावायला दिलं. गोळ्यांची नावं लिहायला खाली रकाना ठेवला आहे. वॉचमनच्या केबिनमध्येही एक लावला, कारण दुपारी बहुतेक घरांत आम्ही म्हातारी माणसं एकटीच असतो. कांदा घेऊन आलेल्या काकूंनी स्वतः माझ्यासमोर नाक दाबून दाखवलं, पहिल्याच प्रयत्नात बरोबर जागी.

दिवाळी झाली, हवा कोरडी व्हायला लागली आहे. जानेवारीच्या आत आपल्या आरोग्याच्या पानावर एका चौकटीत हे चित्र आणि त्या पाच-सहा ओळी छापता आल्या तर जरूर छापा. मजकूर आधी एखाद्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. चौकट कापून ठेवता येईल अशी, पानाच्या कडेला घ्या, आणि अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं ठेवा.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक
मानपाडा, ठाणे (पश्चिम)